कळमेश्वरच्या शर्टांची तपासणी

“ये वं लवकर. तिचं इंग्रजी मले समजत नाही, अन् माझं तिले,” ताई फोनवर एवढंच म्हणाली आणि मी पुण्याहून नागपूरची गाडी पकडली. मे महिन्यात नागपूरला हौसेनं कोणी जात नाही. पण कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत ताईचं शर्ट शिवायचं छोटं युनिट आहे. तिला पहिल्यांदाच परदेशी ऑर्डर मिळत होती, आणि पहिले दोनशे शर्ट तपासायला खरेदीदार कंपनीनं श्रीलंकेहून कुमारी नावाची बाई पाठवली होती. माल पास झाला तर ऑर्डर पक्की. नाही तर तीस बायांचं काम जाणार.

पहिला दिवस नागपूरच्या इतवारी बाजारात गेला, कमी पडलेली बटणं आणायला. तिकडे गेलात तर गाडी नेऊ नका. ऑटो अलीकडेच सोडा आणि हातगाड्या, टेम्पो चुकवत पायी चला. वाटेत झणझणीत रस्सा घातलेले तर्री-पोहे खाल्ले, तीस रुपये प्लेट. म्हणजे मी खाल्ले. ताई नुसती चमचा फिरवत होती.

“फेल झालं त बायाईले काय सांगू मी?”

दुसऱ्या दिवशी सकाळी काटोल रस्त्यानं निघालो. कळमेश्वर पाऊण तासावर, एसटीही मिळते. टोपी आणि पाणी विसरू नका, नवाच्या आतच युनिटच्या छपराचे पत्रे तापतात.

कुमारी आधीच टेबलाशी बसली होती. पन्नाशीची, सडपातळ, गळ्यात टेप. पहिला शर्ट तिनं उलटा केला आणि तिचा हात थांबला.

“हा शर्ट आम्ही शिवायचो,” ती मला म्हणाली. “बारा वर्षं. कारखान्यातल्या माझ्या लाइनवर, मशीनच्या रांगेवर.”

मग तिनं थोडक्यात सांगितलं. देशाकडचे डॉलर संपले. बाहेरून येणारं कापड, बटणं मिळेनात. पेट्रोलला रांगा, तासन्‌तास वीज नाही. माल वेळेवर जाईना, तशी ऑर्डर गेली आणि कारखाना बंद पडला. पुढं त्याच खरेदीदारानं तिला तपासणीच्या कामावर घेतलं.

मी हे मराठीत सांगितलं. एकेक मशीन थांबत गेलं. ताईनं मला बाजूला ओढलं.

“झालं. आता हे बाई काहून पास करन आपल्याले?”

दीड तास कुमारी एकेक शर्ट तपासत राहिली. शर्टांचे दोन ढीग होत गेले. शेवटी मोठ्या ढिगावर हात ठेवून ती म्हणाली, “फेल. कॉलरची टोकं सारखी नाहीत.”

“विचार तिले, बदला घेऊन राहिली का?” ताईचा आवाज चढला.

मी भाषांतर केलं नाही. पण सूर कळायला भाषा लागत नाही. कुमारी उठली, वनिता नावाच्या एका बाईच्या मशीनवर बसली आणि एक कॉलर उसवून पुन्हा शिवली. टोकाशी वेग कमी करायचा, कापड ओढायचं नाही. दोन्ही टोकं जुळवून तिनं दाखवली.

“हे त आपल्याले कोणी सांगितलंच नाही ना वं!” वनिता म्हणाली.

दुपारभर उसवणं आणि शिवणं चाललं. दोनदा वीज गेली. दोन्ही वेळा सगळ्या बाया उसवलेल्या कॉलरी धरून पंख्याकडे बघत बसल्या. ताई दाराबाहेर येरझाऱ्या घालत होती. चार वाजता कुमारीनं पुन्हा एकेक शर्ट पाहिला. पाच वाजता माल पास म्हणून सही केली.

चहा घेताना ताईनं मला विचारायला लावलं, “आता आम्ही काय जपावं?”

“आमच्या शर्टांत खोट नव्हती, तरी ऑर्डर गेली,” कुमारी म्हणाली. “सगळी मशीनं एकाच गिऱ्हाइकासाठी चालवू नका. थोडं इथल्या बाजारासाठीही शिवा.”

पुण्याला परतून महिना झाला. ताईनं इतवारीतल्या एका दुकानाचं शाळेच्या गणवेशांचं काम घेतलंय. त्यात पैसे कमी सुटतात, पण दहा मशीनं त्यावर चालतात.

दुसऱ्या देशांतल्या कारखान्यांच्या ऑर्डरी आपल्याकडे वळल्याची बातमी पूर्वी मी आनंदानं वाचायची. काल तशीच एक वाचली आणि ताईला फोन केला.

“कुमारीच्या लाइनवरच्या बायांचं पुढं काय झालं गं?”

ताई म्हणाली, “मी नाही विचारलं. तू विचारलं होतं का?”

नव्हतं. दिवसभर तिचा शब्द न् शब्द मीच सगळ्यांना सांगत होते, आणि एवढं एक विचारायचं मला सुचलं नव्हतं.