आकडा भरला तरी परत गेलेले मारोतराव

मारोतराव गडदे यांची आणि माझी पहिली भेट पलटणीच्या प्रशिक्षण केंद्रात, पाण्याच्या नळावर झाली. घर सोडून आठवडा झाला होता. बराकीतली बहुतेक मुलं कोकणातली आणि देशावरची; त्यांची बोली वेगळी, थट्टा वेगळी. मी नळाखाली बादली लावून उगाच घराची आठवण काढत उभा होतो. मागून आवाज आला, "ओ, लय येळ लावायलाव! बादली वाहून चालली की तुमची!"

मी गर्रकन वळलो. "परभणीचे का?"

"पालमचा. तुमी?"

"चुडावा."

"मंग भरा की अजून एक," असं म्हणून ते बाजूला सरकले. त्या दिवसापासून आजपर्यंत, पन्नास वर्षांहून अधिक काळ, ते माझ्यासाठी असेच बाजूला सरकत आले आहेत. त्यांच्या अमृतमहोत्सवी अंकासाठी लिहिताना आधी हे सांगायला हवं.

मारोतराव मेंढपाळाच्या घरातले. शाळा दुसरीपर्यंत. मी मॅट्रिक झालेलो, त्यामुळे त्यांची पत्रं लिहिण्याचं काम आपोआप माझ्याकडे आलं. नवीन लग्न झालेलं, घरी गयाबाई वहिनी; पण पत्रात चौकशी सगळी मेंढ्यांची. कानी व्याली का, बांडीचा खूर बरा झाला का, काळ्या एडक्याला विकू नका. शेवटी एकच वाक्य, "बाकी तू बरी असशील." मला राहवेना. एकदा मी माझ्या पदरचं घातलं, "तुझी फार आठवण येते." वहिनी परवा मला हसून म्हणाल्या, "ती वळ तुमचीच व्हती, मला तवाच कळलं. ह्यास्नी असलं कुठं सुचतंय!" मारोतराव शेजारी बसून ऐकत होते. पंच्याहत्तराव्या वर्षी लाजणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

एकाहत्तरच्या लढाईत आम्ही दोघं पश्चिमेच्या सरहद्दीवर एकाच तुकडीत होतो. त्याविषयी ते बोलत नाहीत. अंकाच्या समितीतल्या एका उत्साही मित्राने त्यांना विचारलं, "तुम्ही शत्रूचे किती लोक टिपले?" मारोतराव उठले. "जनावरांना पाणी दाखवायचं राह्यलं," म्हणाले आणि गेले ते परत आलेच नाहीत. म्हणून मित्राने माझ्याकडे धाव घेतली. मीही महिनाभर टोलवत राहिलो. कधी डोळ्यांचं निमित्त, कधी नातीच्या लग्नाचं. खरं निमित्त भीतीचं होतं. मारोतरावांचा मोठेपणा सांगायचा तर माझा लहानपणा सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

ती पहाट धुक्याची होती. समोरून तोफांचा मारा सुरू झाला आणि आम्हाला मागच्या बांधापर्यंत हटण्याचा हुकूम मिळाला. सगळे धावले. मी उसाच्या कडेला पाण्याची एक कोरडी चारी होती, तिच्यात उतरलो आणि तिथेच बसलो. मला गोळी लागली नव्हती. साधं खरचटलंही नव्हतं. मी भ्यालो होतो. पाय माझेच होते, पण उठत नव्हते. रायफल बाजूला टाकून मी दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते.

मागे बांधावर काय झालं ते मला नंतर इतरांकडून कळलं. हवालदारांनी माणसं मोजली. आकडा बरोबर भरला. मारोतराव म्हणाले, "एक न्हाई." हवालदार चिडले, म्हणाले, मोजले ना आत्ता! "मोजलाव, पर वळखलं न्हाई. गोविंद कुठं हाय?" पुन्हा एकेकाचं तोंड पाहिलं तेव्हा लक्षात आलं की धुक्यात वाट चुकून दुसऱ्या तुकडीचा एक जवान आमच्यात येऊन उभा होता. मेंढपाळ कळप कधी आकड्यावर सोडत नाही, एकेक तोंड बघतो. हवालदार "थांब" म्हणेपर्यंत मारोतराव धुक्यात शिरलेही होते.

चारीत कुणीतरी उतरलं. मला वाटलं, संपलं. पण ते मारोतराव होते. ते मला रागावले नाहीत, हात धरून ओढलं नाही, माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाठ करून बसले आणि तंबाखू मळू लागले. वर तोफगोळे पडत होते आणि हा माणूस चुना शोधत होता! बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "पाय दुखायलाय का?"

"नाही," मी म्हणालो. मला रडू फुटलं.

"दुखायलाय. मुरगळलाय," ते म्हणाले. त्यांनी दोन काटक्या घेतल्या, कोकराचा पाय बांधतात तसा माझा धडधाकट पाय आवळून बांधला, मला पाठीवर घेतलं, दोन्ही रायफली गळ्यात अडकवल्या आणि चालू लागले. बांधावर पोचल्यावर हवालदारांना सांगितलं, "पाय गेलाय ह्याचा. दोन दिस मागं ठिवा."

मला दोन दिवस मागे ठेवलं. तिसऱ्या दिवशी मी आपणहून पुढे गेलो. त्यानंतर कधी भ्यालो नाही असं नाही, पण बसून राहिलो नाही. त्या पहाटे खरं कळलं असतं तर मी कपाळावर भेकडाचा शिक्का घेऊनच गावी परतलो असतो, किंवा परतलोच नसतो. पुढे मी पंधरा वर्षं नोकरी केली, संसार केला. हे सगळं मारोतरावांनी पाठीवरून वाहून आणलेलं आहे.

कितीतरी वर्षांनी मी त्यांना विचारलं, "तुम्ही त्या दिवशी माझ्याकडे पाठ का केली होती?" ते म्हणाले, "बुजलेल्या मेंढराकडं बघायचं नसतंय. बघितलं की अजून बुजतंय. नुस्तं जवळ बसायचं." एवढंच. पायाचा विषय त्यांनी काढला नाही, मी काढला नाही.

इकडे चुडाव्यात माझा मुरगळलेला पाय वर्षागणिक मोठा होत गेला. झेंडावंदनाला शाळा मला बोलावते आणि "युद्धात पायाला गोळी लागलेले आपले वीर जवान" अशी ओळख करून देते. गोळी कुणी घातली ते देव जाणे, पण मीही कधी नाही म्हटलं नाही. टाळ्यांची चटक वाईट असते. एका वर्षी मारोतराव माझ्याकडे मुक्कामी होते. पहिल्या रांगेत बसून त्यांनी ती ओळख ऐकली आणि सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

गेल्या आठवड्यात मी एसटीने पालमला गेलो. गुडघ्याला तेल लावून मारोतराव बाजेवर पडले होते. मी म्हणालो, "मी ते सगळं लिहिणार आहे."

ते उठून बसले. "कामून? तुमी आता आजे झालाव. नातवंडं काय म्हनतील?"

"काय म्हणायचं ते म्हणोत. तुम्हाला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नाही."

त्यांनी तेलाची वाटी बाजेखाली सरकवली. मग म्हणाले, "ल्ह्या मंग. पर सगळं ल्ह्या. तुमाला घेऊन निगालो तवा वाट दिसत न्हवती. मला बी लय भ्या वाटायलं व्हतं, गोविंदराव. एकला असतो तर मी बी तितंच बसलो असतो. पाठीवर तुमी व्हताव म्हून पाय उचलले."

हे त्यांनी पन्नास वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, वहिनींनासुद्धा नाही.

मारोतराव, गुडघ्यांना तेल लावणं सोडू नका आणि वहिनींचं ऐकत जा. शंभरी गाठा, ठणठणीत राहून, आपल्या पायांनी चालत गाठा. बारीक अक्षर तुम्हाला आता दिसत नाही, म्हणून सत्काराच्या दिवशी हा लेख मीच उभं राहून मोठ्याने वाचणार आहे. चुडाव्याची सगळी मंडळी, शाळेच्या गुरुजींसकट, त्या दिवशी येणार आहेत. मीच त्यांना बोलावलं आहे.