ताटाचा फोटो एक वाजेपर्यंत

पन्नाशी-साठीतली दहा-बारा माणसं रोज सकाळी एकत्र बसून श्वास घ्यायला लागली की आरोग्य किती मिळतं ते ठाऊक नाही, पण किस्से मात्र भरपूर मिळतात! घरी ऐकायला कोणी असेल तर ते वेळच्या वेळी सांगून संपतात. नसेल तर साठत जातात. माझ्याकडे बरेच साठलेत.

आमचा प्राणायामाचा ग्रुप धरमपेठेतल्या एका बागेत भरतो. मी तिथे हौसेने गेलो नाही. माझी बायको सुनंदा गेली आणि मी घरात जेवायला बसणंच सोडलं. ओट्याशी उभं राहून चहा, ब्रेड, फार तर दोन बिस्किटं. पुण्याहून आमची लेक रश्मी आली. तिने फ्रिज उघडला, बंद केला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बागेत नेऊन उभं केलं आणि ग्रुप चालवणाऱ्या बाईंना म्हणाली, "बाबा जेवत नाहीत. तेवढं बघाल का?"

"मी श्वास शिकवते," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "पण बघते."

बाई म्हणजे शाळेतल्या निवृत्त पी.टी. शिक्षिका. गळ्यातली शिट्टी अजून सुटलेली नाही!

*

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. शवासन चालू होतं. बाई हळू आवाजात सांगत होत्या, "पाय सैल सोडा… हात सैल सोडा… मनातले विचार सोडा…"

तेवढ्यात पलीकडून घोरण्याचा आवाज सुरू झाला. आमचे देशमुख! बाईंनी शिट्टी तोंडाजवळ नेली. तोच माझ्या शेजारचा वानखेडे उठून बसला.

"राहू द्या बाई, त्याले उठवू नका! सगळ्यांत तेवढाच एक माणूस बरोबर करून राहिला."

*

या वानखेडेची ओळख करून द्यायला हवी. वीज खात्यातून निवृत्त. नरखेडकडे संत्र्याची बाग. मी कॉलेजात शिकवतो हे कळल्यापासून त्याने माझं नाव विचारलंच नाही. मी सरळ 'प्रोफेसर'.

बागेच्या फाटकाशी तर्री-पोह्यांची गाडी लागते. प्राणायाम संपला की वानखेडे तडक तिथे. बाईंनी एकदा त्याला प्लेटसकट पकडलं.

"वानखेडे, लाज वाटते का? आत्ता कपालभाती केली ना?"

"तुम्हीच म्हणता ना बाई, दीर्घ श्वास घ्या. घेतला की तर्रीचा वास आत येते. माहा काय दोष?"

बाईंनी पोहेवाल्यालाच गळ घातली, "गाडी जरा लांब लावत जा." भला माणूस, त्याने लावली. दुसऱ्या दिवशी बागेत निम्मा ग्रुप गायब! बाई शोधत कोपऱ्यापर्यंत गेल्या, तर सगळे गाडीभोवती.

पोहेवाला अदबीने म्हणाला, "मॅडम, आता क्लास इकडेच घेत जा."

*

मग बाईंनी एका प्रेरणादायी वक्त्याला बोलावलं. कोट, कॉलरला माइक. बागेत, सकाळी साडेसहाला! त्याने सांगितलं, रोज आरशासमोर उभं राहून म्हणायचं, 'मी आनंदी आहे, मी निरोगी आहे.'

"मी करून पाह्यलं हे," वानखेडे म्हणाला. "बायकोनं पोराले फोन केला, तुझ्या बापाले डॉक्टरकडे ने."

वक्त्याने हसून घेतलं. "बरं, तुमच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी प्रेरणा कोणती?"

"बायको."

"वा! टाळ्या!"

"घरी बसूच देत नाही ना मले!"

सगळे खदखदून हसले. मग कोणाची तरी नजर माझ्याकडे गेली आणि हसणं एकेकाच्या तोंडावर थांबत गेलं. मला ते थांबायला नको होतं. सुनंदा असती तर सगळ्यांत शेवटपर्यंत तीच हसली असती.

दुसऱ्या दिवशी वानखेडेने माझ्या हातात एक संत्रं ठेवलं. म्हणाला, "आंबट निघालं तर माहं नाव नको सांगू."

*

भ्रामरी हा प्रकार तुम्हाला माहीत असेल. कान बंद, डोळे बंद, आणि श्वास सोडताना भुंग्यासारखा आवाज काढायचा. सुनंदा गॅलरीत बसून करायची. मी पेपरमधून ओरडायचो, "मिक्सर बंद कर!" ती तशीच, डोळे न उघडता, आवाज आणखी मोठा करायची.

बागेत बाईंनी पहिल्यांदा भ्रामरी घेतली, तेव्हा चहूबाजूंनी तो आवाज उठला आणि मला पुढचा श्वास सोडता येईना. चष्मा काढला. रुमाल सापडेना.

"कोणीही डोळे उघडायचे नाहीत," बाईंचा आवाज आला. "पुन्हा एकदा. लांब."

त्यानंतर पुन्हा. आणि पुन्हा. माझा चष्मा पुसून नाकावर बसेपर्यंत बाई थांबल्याच नाहीत.

"काहून बाई, आज परीक्षा हाय काय?" वानखेडे कळवळला. "डोकं भणाणून राहिलं!"

*

मे महिन्यात बाईंनी नवा नियम काढला. रोज दुपारी एकच्या आत आपल्या जेवणाच्या ताटाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. टाकला की बाईंचा शेरा. "तेल कमी करा." "हे पान आहे की बटाट्याचं शेत?"

वानखेडेने पहिल्या दिवशी वाटीभर मोड आलेल्या मुगांचा फोटो टाकला. पण फोटोच्या कडेला सावजीच्या तिखटजाळ कोंबडी-रश्शाचं अर्धं ताट आलं होतं! बाईंनी लिहिलं, "मुगाला मोड छान आलेत. शेजारच्या कोंबडीला कधी येणार?"

मला कॉलेजची सुट्टी होती आणि घरात वाढलेलं ताट नव्हतं. पण फोनमध्ये होतं. रश्मी हॉस्टेलला असताना सुनंदा माझ्याच फोनवरून तिला घरच्या जेवणाचे फोटो पाठवायची. ज्वारीची भाकरी, कढी, कारल्याची भाजी, कोशिंबीर. कुठे कुठे कडेला तिचा अंगठा. मी रोज त्यातला एक टाकायला लागलो.

बाईंचा शेरा यायचा, "आदर्श ताट. सगळ्यांनी बघा."

मी ओट्याशी उभा राहून, ब्रेड खात, ते वाचायचो. रोज कोणी तरी सुनंदाच्या स्वयंपाकाचं कौतुक करत होतं. मला तेवढं पुरत होतं.

*

एका दुपारी मी वांगी-सोल्यांच्या भाजीचा फोटो टाकला. सोले म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगांतले दाणे. आमच्याकडे ते फक्त थंडीत मिळतात. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन होतं!

बाईंचा शेरा आला नाही. कोणाचाच आला नाही. काय झालं ते माझ्या लक्षात येईपर्यंत दारावरची बेल वाजली.

वानखेडे. डोक्याला, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, घामाने निथळत होता.

"सोल्याची भाजी खायले आलो."

"संपली," मी म्हणालो.

"बरं. मंग काय आहे?"

मी ओट्याकडे पाहिलं. त्यानेही पाहिलं. ब्रेडचा पुडा उघडाच होता.

"ब्रेडनं मले अ‍ॅसिडिटी होते," तो म्हणाला. "कुकर लाव."

"अरे, मला स्वयंपाक फारसा…"

"मलेही नाही येत. दोघं मिळून बिघडवू!"

वरण-भात लावला. फोडणीत जिरं काळं झालं. वानखेडेने मांडणीतून दोन ताटं काढली, दुपट्ट्यानेच पुसली, टेबलावर मांडली आणि खुर्ची ओढून मला म्हणाला, "बस."

मी बसलो. भात कालवला. पहिला घास तोंडापर्यंत नेला, तेवढ्यात त्याने फोटो काढून ग्रुपवर टाकलासुद्धा. लगेच फोन वाजला. बाई!

"फोडणी जळली आहे. आणि लिंबाची फोड कुठे आहे?"

मी उठायला लागलो.

"कायले उठतं गा?" माझ्या खांद्यावर हात दाबत वानखेडे म्हणाला. "मी कापतो. तू जेव."