पी खरं धर

सुगंधाच्या नवऱ्याचा, रमेशभाऊंचा फोन आला तेव्हा मी रोडपालीला माझ्या घरात कुकर लावत होते. “ताई, सुगंधा…” एवढंच बोलले आणि थांबले. पुढचा शब्द त्यांच्या घरात कुणी तोंडातून काढत नाही. मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले. आज महिना होत आला, तरी दुपारी तिला काहीबाही सांगायला हात मेला फोनकडे जातोच.

सुगंधाची नि माझी ओळख मुलींच्या शाळेच्या फाटकाशी झाली. दोघींचंही शिक्षण लग्नापायी सुटलेलं. ती पनवेलजवळच्या गावातली, बोलायला फटकळ. मी तिच्याहून फटकळ. जमलं! मुली चौथीत गेल्या तेव्हा तिनेच टूम काढली आणि आम्ही खारघरच्या कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं. पोरीबाळींच्या वर्गात दोन काकवा. सोपं असेल म्हणून तर्कशास्त्र घेतलं. कसलं सोपं! सरांनी सुरुवातीलाच सत्यता कोष्टक मांडायला लावलं. दोन विधानं घ्यायची आणि ती खरी-खोटी असण्याच्या सगळ्या शक्यता ओळीखाली ओळ लिहायच्या. पी म्हणजे ‘आई आजारी आहे’, क्यू म्हणजे ‘दुकान बंद आहे’. सुगंधाने पीच्या खाली सगळ्या ओळींत ‘असत्य’ लिहून ठेवलं. सरांना वाटलं, हिला समजलंच नाही. तर ही उभी राहून म्हणते, “सर, आमच्या घरात असलं लिवत नाय. वास्तू तथास्तु म्हणते.” वर्ग हसला, सर हसले नाहीत. म्हणाले, मग आईचं नावच काढू नका, नुसतं पी लिहा. पीला कुणाची दृष्ट लागत नाही. तिथून तिची गाडी जी सुटली! जर-तरचं विधान एकाच ठिकाणी खोटं पडतं, ‘जर’ खरं झालं आणि ‘तर’ झालंच नाही तेव्हा… हे मला तिनेच मेथी निवडता निवडता समजावलं.

दुसऱ्या वर्षी तिचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी रमेशभाऊंना बाजूला घेऊन काय ते सांगितलं. तिला न सांगता कळलं. भाऊ ट्रेलर घेऊन न्हावा शेवा बंदराच्या फेऱ्या मारणार, सासू थकलेली. आपल्यामागे लेकीला, आर्याला उरणला आत्याकडे धाडतील, घरकामाला जुंपतील, शिक्षण राहील, ही एकच धास्ती तिला खात होती. पण बोलणार कुणाशी? ‘मी नसले तर’ म्हटलं की सासूबाई तिच्या तोंडावर हात ठेवायच्या. भाऊ उठून बाहेर जायचे. मीही ‘काही होत नाही गं तुला’ हेच पालुपद लावलेलं.

शेवटची भेटले तेव्हा आर्या जमिनीवर बसून गणितं सोडवत होती, सासूबाई सुगंधाच्या पायांना तेल चोळत होत्या. सुगंधा माझ्याकडे बघून म्हणाली, “वैशू, पी खरं धर.”

तिचं पी म्हणजे ते ‘मी नसले तर’, हे मला कळलं. “धरलं,” मी म्हणाले.

तिने डोळ्यांनीच आर्याकडे खूण केली. “मग क्यू… ती तुझ्याकडं. शाला सुटली का रोज तुझ्याकडं. कॉलेज होईस्तो.”

सासूबाईंनी काय चाललंय विचारलं, तर म्हणाली, अभ्यास. मी तिचा हात घट्ट धरला आणि ‘पी, तर क्यू’ असं सांगितलं. मी निघाले तेव्हा तिचा डोळा लागला होता.

दिवसकार्य आटोपलं आणि आत्या खरंच आर्याचे कपडे भरायला लागल्या. त्या घरात मी कोण बोलणारी? पण पी खरं होऊन बसलं होतं, आता क्यू झालं नाही तर सुगंधाचा शब्द खोटा पडणार होता, आणि ते मला सोसवणारं नव्हतं. आर्या इथेच राहील, रोज भाऊ कामावरून परत येईपर्यंत माझ्याकडे अभ्यासाला बसेल, सुगंधानेच तसं ठरवलंय, असं मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

“कवा बोलली?” सासूबाईंनी विचारलं. “माझ्यासमोर तं कदी नाय बोलली.”

“तुमच्यासमोरच बोलली, आय. तुम्ही तिचे पाय चोळत होतात.”

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. “बोलली बाय… कोनाशी तरी बोलली,” असं म्हणत त्यांनी आत्याच्या हातातली पिशवी ओढून घेतली आणि आर्याचे कपडे परत कपाटात ठेवायला लागल्या.