नंबर राखणारी आत्या

फोन आला तेव्हा मी लातुरात टँकरच्या रांगेत उभी होते. "सुभद्राआत्या गेली," भाऊ म्हणाला. मी "बरं" म्हणाले, फोन ठेवला आणि पायानं घागर पुढं सरकवली. रांग सरकली होती ना... सवय मेली अशी असते.

अहमदपूरकडचं आत्याचं गाव नदीकाठी. बहात्तरच्या दुष्काळात मी लहान होते, तिच्याकडंच राहायला होते. विहिरी आटल्या तसं सारं गाव नदीच्या कोरड्या पात्रात उतरलं. वाळूत झिरे खोदायचे आणि वाटीवाटीनं घागर भरायची. गुरं तिथंच, भांडणं तिथंच. नदीला पाणी येतं हे आम्ही विसरूनच गेलो होतो. एका दुपारी वरच्या अंगाला आभाळ फुटलं. आमच्याकडं लख्ख ऊन होतं. काठावरून कुणीतरी ओरडलं, तशा बायका धावत सुटल्या. आत्याची धाकटी नणंद कमल तेवढी झिऱ्यापाशी बसून राहिली. पहाटेपासून ताटकळली होती बिचारी.

"कमल, वर ये गं! नदी आली!" आत्या काठावरून ओरडली.

"थांब वैनी, आता माझाच नंबर हाय."

पाण्यासाठी बसलेली पोर पाण्यानंच नेली. आत्याचा त्या दिवशीचा आवाज अजून माझ्या कानातून जात नाही.

गाव म्हणालं, नशीब. आत्याला ते पटलं नाही. "पोरगी पुराला भ्याली न्हाई, नंबर जाईल म्हनून भ्याली," ती म्हणायची. पुढं वरच्या अंगाला जरा काळवंडलं, की ही बाई भाकरीची परात घेऊन काठावर हजर. लाटण्यानं ती बडवायची आणि ओरडायची, "घागरी ठिवा, वर या! नंबर मी राखते!" कुणाची घागर कुणामागं, हे तिच्या पक्कं ध्यानात असायचं. बायका परत खाली उतरल्या की तोच क्रम. कुणी मधे घुसलीच, तर आत्याचं तोंड सुटायचं! बहुतेक वेळा नदी यायचीच नाही. "सुभद्राबाईची नदी आली रे," म्हणून लोक चिडवायचे, पण चिडवत का होईना वर यायचे. एकदा नदी खरंच आली. घागरी वाहून गेल्या, बायका मात्र साऱ्या काठावर होत्या. त्या संध्याकाळी आत्या कमलचं नाव घेऊन खूप रडली.

पुढं लातूर वेगळा जिल्हा झाला आणि काठावर धोक्याची पाटी आली. आत्यानं पाटीला हळदीकुंकू लावलं, पण परात काही सोडली नाही.

ती परात आता माझ्याकडं आहे. बडवून बडवून तिचं बूड बाहेर आलंय, पीठ मळताना डुगडुगते. ठोकून सरळ करून घ्यावी असं मनात येतं, पण हात होत नाही.

आणि फोन आला त्या दिवशी रांगेत... मी तशीच उभी राहिले असते. मागच्या बाईनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. ओळख ना पाळख.

"कोन गेलं, ताई?"

"आत्या."

तिनं माझी घागर स्वतःकडं ओढून घेतली. "जावा तुम्ही. नंबर मी राखते."

तेव्हा कुठं मला रडू फुटलं.