ओल्या सीटवर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – एवढंच. त्यात धीर वगैरे काही नाही.

गाडीपासून सुरुवात करतो. – नको. गाडीचं बोलायला लागलो की मी गाडीतच रमतो आणि समोरच्यालाही रमवतो; ती खोड जुनी आहे. मिलिंदपासून करायला हवी.

ऐंशीच्या दशकातली पहिली तीन-चार वर्षं. आम्ही जयपूरला खातीपुऱ्यात राहायचो. माझे वडील रेल्वेत हेडक्लार्क, बदली होऊन आलेले. मिलिंदचे वडीलही रेल्वेतच, डब्यांच्या दुरुस्तीवर फिटर. आम्ही वाईकडचे, ते अकोल्याकडचे. गल्लीत मराठी बोलणारी घरं एवढी दोनच, त्यामुळे दोघांच्या आया एकमेकींना धरून असायच्या. पण माझी आई त्यांच्याकडे पाणी प्यायची नाही. 'आत्ताच चहा झालाय' म्हणायची. त्यांच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि आमच्या घरात त्यावर कुणी कधी चकार शब्द काढला नाही. काढायची गरजच नव्हती. मला हे तेव्हा खटकायचं का? खोटं कशाला बोलू – नाही खटकायचं.

जयपूरला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. आमची दोघांचीही आडनावं 'कर'वर संपणारी, आणि तिथल्या लोकांना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. किराणावाल्यापासून पॉलिटेक्निकच्या सरांपर्यंत सगळ्यांना आम्ही दोघं 'महाराष्ट्रवाले'. मिलिंद एकदा सायकलवरून जाता जाता म्हणाला होता, "इथं बरं वाटते बे. मतलब, कोणी विचारतच नाही." मी नुसतं 'हं' केलं होतं.

आता गाडीचं सांगतो. मिलिंदला गाड्यांचं वेड होतं, आणि तेही अशा गाड्यांचं, ज्या आम्ही जन्मात पाहिल्या नव्हत्या. कबाड्याकडून तो जुनी अमेरिकन मासिकं किलोवर आणायचा, फोटो कापून रेल्वेच्या रद्दी रजिस्टरात चिकटवायचा. मसल कार हा शब्द मी पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकला. दोन दारं, लांबलचक नाक आणि त्यात गरजेपेक्षा चौपट ताकदीचं आठ सिलिंडरचं इंजिन. आठ सिलिंडर कुठल्या क्रमानं पेटतात हे त्यानं माझ्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं – एक, आठ, चार, तीन, सहा, पाच, सात, दोन. आई म्हणायची, सतराचा पाढा येत नाही धड आणि हे बरं येतं. मला आधी त्यात काही कळत नव्हतं. तो बोलायचा म्हणून मी ऐकायचो. मग कधीतरी माझंही वेड झालं ते. कधी, ते सांगता येत नाही.

अशी एक गाडी जयपुरात निघाली. सिव्हिल लाइन्सच्या मागच्या अंगाला एका ठाकूरसाहेबांच्या बंगल्यात – हिरवी डॉज चार्जर. दिल्लीतल्या कुणा वकिलातीच्या साहेबानं देश सोडताना विकलेली. मेकॅनिकनं तिच्या प्लगच्या वायरी उलटसुलट जोडून ठेवल्या होत्या. बिचाऱ्यानं आयुष्यभर अॅम्बॅसेडरची चार सिलिंडर पाहिलेली. मिलिंदला वास लागलाच. आम्ही आगंतुकासारखे गेलो, त्यानं बॉनेट उघडलं, वीस मिनिटांत वायरी बदलल्या, आणि इंजिन सुरू झालं. तो आवाज कानाआधी पोटात लागतो. मी फाटकाला धरून उभा होतो. ठाकूरसाहेब लहान मुलासारखे हसत होते.

त्यांचे गुडघे गेलेले, क्लच दाबवत नव्हता. दर रविवारी सकाळी येऊन गाडी आमेरच्या रस्त्यावर फिरवून आणायची, असं ठरलं. चालवायचा मिलिंद, शेजारी मी. परत आलो की व्हरांड्यात चहा. आम्ही त्यांना तिथल्या रीतीनं 'हुकम' म्हणायचो. 'इंजीनियर साहब' म्हणायचे ते मिलिंदला. मला काही म्हणायचे नाहीत.

मला हेवा वाटायचा. सरळ सांगतो, गोल गोल नको. स्टिअरिंगवरचे त्याचे हात बघून मला हेवा वाटायचा. त्यानंच शिकवलेलं सगळं, गाडी चालवणंसुद्धा, त्याचीच ओळख, तरीही.

मग मिलिंदला टायफॉईड झाला आणि एका रविवारी मी एकटा गेलो. ठाकूरसाहेब खुशीत होते. दिल्लीला जुन्या गाड्यांची फेरी होती, चार्जर न्यायची होती. मिलिंद चालवेल, शेजारी मी बसेन, म्हणाले. म्हणजे ते स्वतः. मागची सीट काढून तिथे पेट्रोलचे डबे ठेवायचे होते. मग चहा ओतता ओतता, काहीच मनात नसताना, त्यांनी विचारलं, "मिलिंद भी तुम्हारी ही बिरादरी का है ना?"

'हां' म्हटलं असतं, तर तिथेच संपत होतं. ते पुन्हा कधी विचारणार नव्हते. काहीच न बोलता चहा प्यायलो असतो, तरी चाललं असतं.

मी म्हणालो, "नहीं हुकम. वो लोग अलग हैं."

"अलग मतलब?"

आणि मी सांगितलं. घाबरून नाही, तोंडातून निसटूनही नाही. शहरात हे सांगू शकेल असा मी एकटाच होतो, हे मला कळत होतं. पूर्ण वाक्य केलं मी, हिंदीत, त्यांना नीट समजेल असं. ते फक्त म्हणाले, "इसी बरामदे में चाय पीता रहा वो." मग घरच्या नोकराला, भंवरजींना, बोलावलं.

दोन रविवारांनी मिलिंद बरा झाला. चेहरा उतरलेला, पण सायकल मारत आला. फाटकाशी भंवरजींनी आम्हाला थांबवलं. मला म्हणाले, आप अंदर जाइए. इनको हुकम ने मना किया है. मिलिंदनं माझ्याकडे पाहिलं. "काय झालं बे?"

"काही कल्पना नाही," मी म्हणालो. "थांब, विचारून येतो." माझी सायकल त्याच्या हातात दिली आणि आत गेलो.

मी विचारलं नाही. काय विचारणार होतो? गाडी पोर्चमध्ये उभी होती. सीटची सुती कव्हरं धुऊन परत चढवलेली, नीट वाळलीही नव्हती. स्टिअरिंगही पुसलेलं. मी बसलो. गार पाणी पँटमधून आत आलं. तेव्हा काहीतरी वाटायला हवं होतं, हे मला समजत होतं. काही वाटलं नाही. मी चावी फिरवली.

फाटकातून बाहेर पडलो, तेव्हा तो दोन्ही हातांत दोन सायकली धरून उभा होता. तासाभरानं परतलो, तेव्हाही तिथेच.

"डावीकडचा एक प्लग मारत नाही," तो म्हणाला. मग माझी सायकल पुढे करत, "विचारलंस का?"

"हो. एकच माणूस पुरे, म्हणाले."

"बरं," तो म्हणाला.

दिल्लीला गाडी मी नेली. त्यानंतर वर्षभर दर रविवारी मीच. आणि दर सोमवारी मी मिलिंदला सांगायचो – गरम झाली की गचके देते, चढावर दम तोडते. तो डोळे मिटून ऐकायचा, उपाय सांगायचा, एकदा तर कार्बुरेटरचं चित्र काढून दिलं. पुढच्या रविवारी ते उपाय मी ठाकूरसाहेबांसमोर माझे म्हणून करायचो. दोनेक महिन्यांत ते मला 'इंजीनियर साहब' म्हणू लागले. मला ते आवडायचं.

मग मिलिंदच्या वडिलांची रतलामला बदली झाली. सोडायला मी स्टेशनवर गेलो. आईनं डबा दिला होता, चार माणसं जेवतील एवढा. गाडी सुटायला पाच-दहा मिनिटं होती. तो दारात उभा होता, मी खाली. प्लॅटफॉर्मकडे बघत तो साध्या आवाजात म्हणाला,

"मला माहीत आहे बे. तू आत गेलास ना, तेव्हाच भंवरजीनं सांगितलं. कव्हरं काहून धुतली ते. कोणी सांगितलं ते पण."

म्हणजे 'विचारलंस का' म्हणाला, तेव्हा त्याला माहीत होतं. सगळे बावन्न सोमवार माहीत होतं. माझ्या तोंडून एकच गोष्ट बाहेर पडली, तीही माफी नव्हती. मी म्हणालो, "मग वर्षभर सांगत का होतास?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मला साधा हिशोबही जमत नाही.

"गाडीनं काय बिघडवलं होतं बे कोणाचं?"

गाडी हलली. त्यानं हात केला नाही, तोंडही फिरवलं नाही. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी उभा राहिलो. लोक राहतात, म्हणून राहिलो.

तो शुक्रवार होता. रविवारी सकाळी मी दाढी केली, सायकल काढली आणि सिव्हिल लाइन्सला गेलो. ठाकूरसाहेबांनी चावी दिली. मी घेतली.