पुलापलीकडची बीअर, अलीकडचे डबे

किस्से जमवावे लागत नाहीत. नळावर चार बायका उभ्या असल्या आणि पाणी उशिरा आलं, की ते आपोआप भरत जातात. घागर मात्र रिकामी! सत्तरच्या दशकाच्या शेवटी पुलगावात, गिरणीच्या चाळीत, आमचं असंच होतं. मी, शेजारची कुसुम आणि समोरच्या शालिनीताई. तिघींचे नवरे जिवलग दोस्त. आमचे मोहनराव गिरणीच्या ऑफिसात, कुसुमचे बंडूभाऊ मागावर आणि शालिनीताईंचे देशकर मास्तर शाळेत.

आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. पण नदीवरचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा, आणि तिकडे बंदी नव्हती. तुमच्या लक्षात आलंच असेल. आमच्या मात्र बरेच रविवार आलं नाही!

*

दर रविवारी दुपारी तिघं सायकली काढायचे. "नदीवर मासोळ्या पाहाले चाललो," असं सांगायचे. सोबत डबा हवाच. कुसुमनं हौसेनं शिरा दिला, तो जसाच्या तसा परत आला. मग शंकरपाळे दिले, तेही परत. मी दिलेल्या सांबारवड्यांचा डबा मात्र चाटूनपुसून साफ! कोथिंबिरीचं झणझणीत सारण भरून तळलेल्या वड्या, त्यांचा चुराही उरला नव्हता.

पुढच्या रविवारी बंडूभाऊ दारातूनच म्हणाले, "आज काईतरी तिखट दे. कुरकुरीत."

कुसुमनं कमरेवर हात ठेवले. "मासोळ्या पाहाले तिखट कायले लागते?"

बंडूभाऊंना खोटं पचत नसे. "अवं, बीअर हाय. थंडगार असते. तिघात एक बाटली घेतो."

"तिघात एक?"

"...एकाले एक."

*

दोन दिवस तिन्ही घरांत अबोला होता. मग तह झाला: फक्त रविवार, एकच बाटली आणि दिवेलागणीच्या आत घरी. पण कुसुमचा राग उतरला नव्हता. पुढच्या रविवारी तिनं डब्यात चक्क वरणभात भरला, वर तुपाची धार. "घेजो म्हणा आता बीअरसंगं!"

संध्याकाळी डबा रिकामा आला. कुसुम चाट!

तिघं जिथं बसायचे तो पुलापलीकडचा ढाबा दादाराव नावाच्या एकट्या माणसाचा होता. बिचारा रोज गिऱ्हाइकांसाठी भजी तळायचा आणि तीच खाऊन झोपायचा. घरचा वरणभात पाहून त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यानं तो सगळा खाल्ला आणि बदल्यात बंडूभाऊंना स्वतःच्या खर्चानं दुसरी बाटली पाजली.

"कुसुम," बंडूभाऊ सायकल टेकवत म्हणाले, "पुढच्या रविवारीही वरणभातच दे बरं!"

*

एका रविवारी चतुर्थी आली. देशकर मास्तरांचा उपास कडक. शालिनीताईंनी साबुदाण्याचे वडे, वर भाजलेले दाणे आणि हिरव्या मिरचीची चटणी असा सज्जड डबा दिला.

पुलावर मोहनरावांनी शंका काढली. "मास्तर, बीअर उपासाले चालते का हो?"

मास्तरांनी सायकल थांबवली, विचार केला. "बीअर कशाची? जवाची. जव म्हणजे धान्य. चालत नाई!"

ढाब्यावर ते सोडापाणी घेऊन बसले. आणि त्या दिवशी बाकी दोघांना शोध लागला, की साबुदाणावड्यासारखं बीअरसोबत दुसरं काही लागतच नाही! मास्तर हात धुऊन येईपर्यंत डबा खलास.

घरी येऊन ते शालिनीताईंना म्हणाले, "आज मी नियम पाळला, म्हणून उपाशी राह्यलो. मोडला असता तं निदान बीअरची तहान तरी भागली असती!"

*

गिरणीत मुंबईहून एक नवे साहेब आले. परदेशात राहून आलेले. त्यांना कुठून तरी या रविवारांचा पत्ता लागला आणि तेही मोटार घेऊन ढाब्यावर हजर झाले. वड्या पाहून त्यांनी नाक मुरडलं. "छे, हे फार तिखट. बीअरसोबत चीज पाहिजे."

बंडूभाऊ अदबीनं उभे राहिले. "हो साहेब. कोनती चीज पाहिजे?"

"चीज!"

"तेच इचारून राह्यलो साहेब. कोनती?"

"अहो, चीज म्हणजे चीज!"

बंडूभाऊंनी दादारावकडे वळून हाक मारली, "दादाराव, साहेबाले जी चीज असन ते सगळी आन!"

भजी, फुटाणे, कांदा, उकडलेली अंडी, तळलेला पापड... टेबल भरून गेलं. साहेबांनी सगळं खाल्लं. वड्याही.

*

मग एका उन्हाळ्यात बंडूभाऊंना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. पोटात अन्न ठरेना. कुसुम दिवसभर धीरानं वागायची आणि नळावर आली की पदर तोंडाला लावायची. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलं, आणि बीअरचं तर नावही काढायचं नाही म्हणाले. जवाचं पाणी द्या म्हणाले.

पहिल्या रविवारी मोहनराव आणि मास्तरांनी सायकली काढल्याच नाहीत. दुपारी दोघं जाऊन बंडूभाऊंच्या खाटेशी बसले. मी ज्वारीच्या लाह्या नेल्या.

"तुमी काऊन नाई गेले बे?" बंडूभाऊंचा आवाज अगदी खोल गेला होता.

"तिकडं ऊन लय हाय," मोहनराव म्हणाले.

कुसुमनं जवाचं गाळलेलं पाणी तीन पेल्यांत आणलं. बंडूभाऊंनी पेला उजेडाकडे धरला, वास घेतला, एक घोट गिळला. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

"मोहन्या," ते म्हणाले, "हे तं बीअरची माय होय रे! पोरगी नांदाले गेली वाट्टे."

कुसुम हसता हसता रडायला लागली. बंडूभाऊंना उतार पडेपर्यंत पुलावर कोणी गेलं नाही. दर रविवारी जवाचं पाणी आणि लाह्या. मोहनरावांना ते मुळीच आवडायचं नाही. पेला मात्र पूर्ण संपवायचे.

*

बंडूभाऊ बरे झाले, कामावर जायला लागले, तेव्हा कुसुमनं नळावर जाहीर केलं, "एवढे डबे भरले आपन. ते बीअर नावाची चीज लागते कशी, एकदा पाहाच लागते!"

नवरे कामावर असताना, भर दुपारी, नदीपलीकडच्या देवीची ओटी भरायची म्हणून आम्ही निघालो. ऐन वेळी माझ्या सासूबाई चपला घालून तयार! नऊवारी, कपाळ मोकळं, गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला पाणीही मोजून पिणाऱ्या. नाही कोण म्हणणार? आधी खरोखरच ओटी भरली. मग आमची पावलं रेंगाळली. सासूबाई म्हणाल्या, "पाय दुखून राह्यले. त्या ढाब्यावर बसू."

त्या पुढे, आम्ही मागे. दादारावनं माझ्या हातातला डबा पाहिला आणि हात जोडले. "वड्यावाल्या वैनी ना? बसा!" आणि काही न विचारता त्यानं थंड बाटली आणि चार पेले आणून ठेवले.

शेवटी सासूबाईंनीच पेला उचलला. एक घोट घेतला. मी डबा उघडून घाईघाईनं वडी पुढे केली. त्यांनी ती चावली, डोळे मिटले, आणि मान हलवली.

"नाई जमत सुधा," त्या मला म्हणाल्या. "बीअरले दह्यातल्या वाळवल्या मिरच्या पाहिजे. वडी रमसंगं."