खिशातले फ्यूज

दोंडाईच्याचा तो ऑपरेटर आमच्या जळगावच्या डाळमिलमध्ये आला आणि माझं डोकंच फिरलं. मॅनेजरही दोंडाईच्याचा. म्हणजे हा ऑफिसचा कान, दुसरं काय? मी बोदवडकडचा फिटर. सकाळी चहावर मॅनेजरला शिव्या घातल्या की संध्याकाळी तोच मला विचारायचा, "काय म्हणत होता तुम्ही?" मी या ऑपरेटरसमोर तोंड उघडणंच सोडलं.

पण काम थोडंच सुटतं! एलिव्हेटर, म्हणजे तूर वर चढवणारा बादल्यांचा पट्टा, चोक झाला की मला खालच्या खड्ड्यात उतरून त्यात हात घालावा लागतो. वर बोर्डापाशी तो. त्याने बटण दाबलं की माझा हात गेलाच. आधीच्या ऑपरेटरच्या भरवशावर मी गुणगुणत उतरायचो. याच्या भरवशावर? छे!

त्या दिवशी त्याने पट्टा बंद केला. तरी मी त्याच्या देखत बोर्डातले तीन फ्यूज उपसून खिशात टाकले. "आता दाब बटण, बघू!" तो काहीतरी बोलायला गेला आणि गप्प बसला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

खड्ड्यातून नुसते पाय दिसतात. थोड्या वेळाने त्याच्या चपलांसमोर मॅनेजरचे बूट आले. बाकीच्या मशीनच्या धडधडीत शब्द कळेना. माझ्याविषयीच असणार, आणखी कोणाविषयी? बूट पुढे सरकले, मागे गेले. चपला जागच्या हलल्या नाहीत. शिजवा म्हटलं काय शिजवायचं ते, फ्यूज माझ्याकडे आहेत. मी आरामात तूर उपसली.

वर आलो तर तो बोर्डाला पाठ लावून उभा, शर्ट घामाने चिंब. मॅनेजर जाता जाता ओरडत होता, "तिकडे गाडी खोळंबलीय, आणि हा मला बटणाला हात लावू देत नाही!"

"लावू द्यायचा की," म्हणत मी खिशातून फ्यूज काढले.

"भाऊ, ह्या पॉलिशरना फ्यूज शेतस," तो अहिराणीत म्हणाला. डाळ चकचकीत करणाऱ्या पॉलिशरचे! "मागच्या आठवड्यात बोर्ड बदलला, फ्यूजच्या जागाही बदलल्या. पॉलिशर आज बंदच होता, म्हणून फ्यूज काढले तरी तुम्हाला कळलं नाही."

म्हणजे एलिव्हेटरचे फ्यूज जागेवरच होते, आणि मी खड्ड्यात! मला रागच आला. "अरे, मग उतरायच्या आधी सांगायचं ना! मेलो असतो मी!"

"सांगणारच होतो. पण मी म्हणतो म्हणून तुम्ही ते परत लावून दुसरे काढले असते का?"

मी पॉलिशरचे फ्यूज परत जागेवर लावले.

ऑफिसात चुगली कोण करतं, ते अजून कळलेलं नाही. त्याच्यावरचा माझा संशयही पुरता गेलेला नाही. पण एलिव्हेटर चोक झाला की मी आधी विचारतो, तो ड्यूटीवर आहे का.